घोडा, राजपुत्र आणि नॉर्बर्टचे व्याही

"तीन तास फुटबॉलचं नाव काढणार नाही! त्यात काय एवढं? मी काय व्यसनी आहे?"

असं नॉर्बर्ट हाव्हलिक रविवारी सकाळी छाती फुगवून म्हणाला, तेव्हा त्याची बायको डोलोरेस समोरच उभी होती. तिने फक्त टीव्हीचा रिमोट उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला. त्यांच्या लेकीचं, कॅरिनाचं लग्न वेस्ली टिबेट्सशी ठरत होतं आणि वेस्लीचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला येणार होते. नेमके त्याच रविवारी! नेमके नॉर्बर्टच्या लाडक्या हॅमर्सच्या आणि पाइक्सच्या अमेरिकन फुटबॉल मॅचच्या वेळी!

"सभ्य माणसं आहेत ती," डोलोरेसने बजावलं. "एक शब्द जरी काढलास, तर टीव्ही लग्नापर्यंत माझ्या बहिणीच्या तळघरात जाईल. आणि लग्न मोडलं, तर तूही तिथेच जाशील."

नॉर्बर्टने शपथ घेतली. माणूस खरा होता. टायरच्या दुकानात तीस वर्षं त्याने गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. पण आपल्या मेव्हण्याला, रूडी सोबचाकला, तो विसरला होता. रूडी आला तोच कानात बटणाएवढा रेडिओ घालून!

पाहुणे बाराच्या ठोक्याला हजर झाले. मार्गरीट टिबेट्स उंच, ताठ बाई. म्हाताऱ्या आणि लंगड्या घोड्यांचा आश्रम चालवायची. तिचा नवरा हार्लन चष्म्याआडून मिटमिट बघणारा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आल्यापासून तो एवढंच बोलला, "हवा गार आहे." मुलगा वेस्ली काडीपैलवान. खुर्चीवर बसतानाही खुर्चीची परवानगी घेतोय असा!

"असे व्याही मिळायला भाग्य लागतं," नॉर्बर्ट मनात म्हणाला आणि मागच्या अंगणात डुकराच्या बरगड्या, म्हणजे रिब्ज, भाजायला सटकला. रूडी पाठोपाठ. वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

आता एक सांगायला हवं. या दोघांत पंधरा वर्षं एकच भांडण चालू होतं. हॅमर्सचा टेव्हॉन रुड चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचा. त्याला हे दोघे 'घोडा' म्हणायचे. रूडीचं म्हणणं, घोड्याला फार राबवतात. नॉर्बर्टचं म्हणणं, राबवायलाच तर तो ठेवलाय! आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, मग तो कुठल्याही टीमचा असो, तो 'राजपुत्र'. कारण त्याला जरा जोरात धक्का लागला, की पंच पिवळा रुमाल फेकतात आणि दंड म्हणून राजपुत्राची टीम पंधरा यार्ड पुढे!

"आज मारणार हे लोक घोड्याला!" रूडी कानावर हात दाबून कुजबुजला. रूडीचं कुजबुजणं म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा उठून बसायचा. "अर्ध्या वेळात अठरा वेळा पळवला!"

"मग? घोडा पळवायचा नाही तर काय काचेच्या कपाटात ठेवायचा?" नॉर्बर्टने चिमटा आपटला. "अंग तापलं की तो आणखी पळतो!"

"गुडघा सुजलाय रे त्याचा! मागच्या आठवड्यात इंजेक्शन टोचून उभा केला!"

"टोचलं ना? झालं तर! आणि दोन वर्षांनी मोडलाच, तर नवा आणायचा! तरणाबांड!"

खिडकीत सॅलडचं भांडं घेऊन उभी असलेली मार्गरीट जागच्या जागी थिजली.

"आणि राजपुत्र?" नॉर्बर्टने विचारलं.

"मजेत! आपल्या पोराने नुसता हात लावला, तर दंड!"

"कापसात गुंडाळून वाढवलाय लेकाला!" नॉर्बर्टचा आवाज चढला. "एकदा माझ्या तावडीत सापडू दे. कमरेला मिठी मारतो आणि असा आपटतो!"

"आपट, पण गुडघ्याखाली धरायचं नाही. डोक्याला लावायचं नाही. आणि वर आडवं पडायचं नाही."

"का नाही पडायचं? माझं अडीचशे पौंडांचं धूड हवेत लटकवून ठेवू? बरगड्या वाजल्या पाहिजेत त्याच्या!"

खिडकीत आता वेस्लीही येऊन उभा होता. आईने त्याचा हात घट्ट धरला. त्याने तिचा त्याहून घट्ट धरला.

जेवण सुरू झालं. रिब्ज, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या, बटाट्याचं सॅलड, सगळं फक्कड! पण टेबलावर अशी शांतता, की चावल्याचा आवाज ऐकू यावा. मार्गरीट नॉर्बर्टकडे खुनी माणसाकडे बघावं तशी बघत होती. वेस्लीने आपली खुर्ची सरकवत सरकवत फ्रिजपर्यंत नेली होती. वातावरण जरा मोकळं करावं म्हणून नॉर्बर्ट उठला, वेस्लीच्या मागे गेला आणि प्रेमाने त्याची पाठ थोपटायला हात उचलला.

वेस्ली एका उडीत टेबलाखाली!

"खबरदार!" मार्गरीट उभी राहिली. "माझ्या मुलाला हात लावाल तर! आणि तो घोडा कुठंय?"

"कु-कुठला घोडा?"

"गुडघा सुजलेला! इंजेक्शन टोचून पळवता तो! मी सगळं ऐकलंय, मिस्टर हाव्हलिक! आत्ताच्या आत्ता दाखवा मला, नाहीतर हे लग्न इथेच संपलं!"

नॉर्बर्ट पेचात सापडला. खरं सांगावं, तर शपथ मोडते. टीव्ही तळघरात जातो. न सांगावं, तर लग्न मोडतं आणि तो स्वतः तळघरात जातो. त्याने डोलोरेसकडे बघितलं. तिचा हात एप्रनच्या खिशावर होता.

"आहे," तो म्हणाला. "आहे एक घोडा."

"आपल्याकडे घोडा आहे?" डोलोरेस किंचाळली.

"क्रेबिलकडे ठेवलाय!" रूडीने मदतीला उडी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच तो मदतीला आला, आणि तोही असा!

दोन गाड्या भरून मंडळी गावाबाहेर म्हाताऱ्या क्रेबिलच्या फार्मवर निघाली. तिथे घोडा होता खरा. मार्गरीटने तबेल्याचं दार ढकललं, बाह्या सरसावल्या आणि गुडघ्यांपासून सुरुवात केली. घोडा एवढा गुबगुबीत, की मधून कुठे वाकावं हे त्यालाच कळत नव्हतं! तिने त्याचे दात बघितले, खूर उचलले आणि सरळ उभी राहिली.

"याला पळवलंय? हा प्राणी उठून पाण्यापर्यंत गेला तरी मला आश्चर्य वाटेल! मिस्टर हाव्हलिक, खरं काय ते..."

पण मिस्टर हाव्हलिक तिथे नव्हते. तबेल्याला लागूनच क्रेबिलचं घर होतं, घरात टीव्ही होता, आणि क्रेबिलला ऐकू कमी येत असल्यामुळे अख्ख्या फार्मला मॅच ऐकू येत होती! नॉर्बर्टचे पाय आपोआप वळले होते. रूडीचेही. आणि गंमत अशी, की दारातून पहिला आत शिरला तो हार्लन! आल्यापासून 'हवा गार आहे' एवढंच बोललेला हार्लन!

शेवटची काही मिनिटं उरली होती. हॅमर्स चार गुणांनी पुढे. पाइक्सच्या राजपुत्राने चेंडू फेकला, त्याच क्षणी हॅमर्सचा एक दांडगा त्याच्यावर धाडकन कोसळला. पिवळा रुमाल हवेत!

"अन्याय!" नॉर्बर्ट गरजला. शपथ, टीव्ही, तळघर, सगळं गेलं उडत! "धक्का देऊन झाल्यावर माणूस पडणार नाही, तर काय उडेल?"

"दंड बरोबर आहे!" खोलीत एक खणखणीत आवाज घुमला. "सगळं वजन अंगावर टाकलं त्याने! नियम म्हणजे नियम!"

सगळ्यांनी वळून बघितलं. हार्लन टिबेट्स खुर्चीवर चढला होता. शर्टाची बटणं उघडी होती, आणि आत पाइक्सची हिरवीगार जर्सी!

घरात साप निघाला असता, तर नॉर्बर्टने शेपटी धरून बाहेर टाकला असता. पण व्याही पाइक्सचा निघाला, तर काय करायचं?

"तुम्ही... पाइक्सचे?"

"जन्मापासून!"

"माझ्या टेबलावर बसून माझ्या रिब्ज खाल्ल्यास तू?"

"आणि तुझी अंगणातली बडबड आत बसून ऐकली! अडीचशे पौंड म्हणे!"

तोवर बायका दारात येऊन उभ्या होत्या. तेवढ्यात पाइक्सने दंडाच्या जोरावर पुढे सरकून सात गुण मिळवले आणि तीन गुणांची आघाडी घेतली. हार्लन खुर्चीवर नाचला. हॅमर्सला शेवटची संधी मिळाली.

"बघा! दिला पुन्हा घोड्याला!" रूडी केस उपटत ओरडला. "लंगडतोय तो! पुन्हा दिला! अरे, दुसऱ्या कुणाला तरी द्या!"

मार्गरीटने टीव्हीकडे बघितलं. चौतीस नंबरचा एक दमलेला माणूस गुडघा धरून उठत होता. "हा... हा घोडा?"

"हाच!" रूडी म्हणाला.

"आणि राजपुत्र?" टेबलाखालून निघाल्यापासून वेस्ली पहिल्यांदाच बोलला.

"तो हिरव्यातला, चेंडू फेकणारा. तू नाहीस रे बाबा!"

वेस्लीने सुटकेचा श्वास टाकला. डोलोरेस आणि मार्गरीटने मात्र एकमेकींकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"हा पाइक्सचा आहे, हे तुला माहीत होतं?" नॉर्बर्टने बायकोला विचारलं.

"आम्हा दोघींनाही," डोलोरेस म्हणाली. "लग्न होईपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून जेवण मुद्दाम मॅचच्या वेळी ठेवलं. दोन घरांत दोन टीव्हींसमोर सोडण्यापेक्षा एका टेबलावर डोळ्यांसमोर ठेवावं म्हटलं!"

नॉर्बर्टचे डोळे पुन्हा टीव्हीकडे वळले. चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर होता. सगळं स्टेडियम उभं, क्रेबिलचं घर उभं! चेंडू पुन्हा घोड्याकडे. घोडा घुसला, अडला, वळला, आणि थकल्या हातांतून चेंडू निसटला! हिरव्या ढिगाऱ्याखाली गडप!

"सांगितलं होतं!" रूडी आनंदाने उड्या मारू लागला. "पंधरा वर्षं सांगतोय! घोडा दमला! मी जिंकलो!"

"आपण हरलो, गाढवा!" नॉर्बर्ट ओरडला.

"पण मी बरोबर होतो!"

मग जे सुरू झालं, ते तासभर चाललं. नॉर्बर्ट म्हणे, पंच आंधळा. हार्लन म्हणे, पंचाला मेडल द्या. दोघांची बोटं एकमेकांच्या नाकाला टेकलेली. वेस्ली मधे उभा राहून विनयाने सगळं समजून घेत होता.

"मला एक सांगा," त्याने शेवटी विचारलं, "ते शिट्टी वाजवणारे, पट्ट्यापट्ट्यांचे शर्टवाले कुठल्या टीमचे?"

"तुझ्या बापाच्या!" नॉर्बर्ट गरजला.

घरी परत येताना कॅरिना गाडीत मागे बसून मुळुमुळू रडत होती. "डॅड, आता लग्नाचं काय?"

नॉर्बर्टने गाडीचा वेग कमी केला. मग आरशातून लेकीकडे बघत घसा खाकरला.

"लग्न होणार. पोरगा हिरा आहे. पंच खेळाडू आहेत असं समजतो, असा जावई नशिबानेच मिळतो! एकच कर, बाळा. त्याला फुटबॉल शिकवू नकोस. शिकला, तर बापाच्या पाइक्सकडे जाईल!"