इंगळे काकांचे बंबर

शहराच्या जुन्या भागातल्या आमच्या गल्लीतले इंगळे काका दूधवाल्याशी भांडायलाही एकटे जात नाहीत. मला पुढे पाठवतात. "तू पायदळ. जाय, तोंड लाव. मी मांगून बंबर घेऊन येतो!"

बंबर म्हणजे बॉम्बर, बॉम्ब टाकणारं अवजड विमान. समोरच्या वहिनी नवीन राहायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं, काकांना अंघोळीचा बंब पाहिजे. बिचाऱ्यांनी चिंच लावून, घासूनपुसून आणून दिला.

काका सैन्यात होते का? छे हो! सारी नोकरी अकोटच्या जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेली. पण त्यांचा एकुलता एक सचिन पायदळात आहे, थेट सीमेवर. तो भरती झाला आणि काका घरबसल्या सेनापती झाले. "पायदळ मरते कावून? वरून मार नसतो म्हनून! आंधी बंबरनं मैदान भाजून काढा, मंग पोट्टे पुढं धाडा."

एकदा गल्लीतल्या तुंबलेल्या नालीसाठी आम्ही नगरपालिकेच्या साहेबांकडे गेलो. मी गोडीगुलाबीने बोललो, साहेबांनी सहीसाठी पेन उघडला, आणि तेवढ्यात मागून काका कडाडले. साहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पेन बंद, कागद परत फायलीत.

"काका, तो आपल्या बाजूचा मानूस होता ना!" मी कपाळावर हात मारला.

"लढाईत थोडंफार आपल्यावर पडतेच बाप्पा," काका म्हणाले. नाली अजून तुंबलेलीच आहे.

यंदा उन्हाळ्यात सीमेवर खरोखरच जुंपली. सचिनचा फोन आठ दिवस आला नाही. काका मात्र रोज टीव्ही लावून बसायचे आणि गल्लीतले आम्ही सगळे त्यांच्याकडे जमायचो. कोटवाला निवेदक असा ओरडायचा, जसं काही विमान तोच चालवून राहिला.

त्या संध्याकाळी पडद्यावर नकाशा आला. सचिनच्याच ठाण्याचा भाग. छडीवाला तज्ज्ञ म्हणाला, शत्रू आपल्या जवानांपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे, पायदळाच्या मदतीला आता बॉम्बर निघतील. आम्ही टाळ्या पिटल्या. "काका, आले तुमचे बंबर!"

काका उठले. टीव्हीजवळ गेले आणि नकाशावर आपला पंजा ठेवला.

"ओ काका, सरका ना, दिसून नाही राह्यलं!" कोणीतरी हसत ओरडलं.

"इथी माहा पोट्टा हाय," काका म्हणाले. आवाज एवढासा. "त्यायले म्हना, जरा दूर टाका."

मला आमच्या टाळ्यांची लाज वाटली. मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेवरचा हात काकांनी काही काढला नाही.