आत्या आणि गॅरेजमधला खटका

आमच्या शेवंताआत्याच्या कमरेच्या बटव्यात सुपारी नसते, टेस्टर असतो. एका लग्नात भर पंगतीत तिनं तो काढला आणि वरमाईच्या शेजारी फिरणाऱ्या लोखंडी पंख्याला लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही, तेव्हा कुठे ती जेवायला बसली. तोवर वरमाई ताट घेऊन दुसऱ्या टोकाला गेली होती.

आत्या अमडापूरची. मूलबाळ नाही, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊनही बराच काळ झाला. उन्हाळा लागला की ती बुलढाण्याला आमच्याकडे येते. आल्यावर आधी पाणी पीत नाही. फ्रिज, कूलर, नळाची तोटी, सगळ्यांना टेस्टर लावून होतो, मग पाणी.

तिचा खरा जीव मात्र गॅरेजात अडकलेला. आमच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं आहे. कपडे धुण्याचं मशीन, घरघंटी, टाकीत पाणी चढवायची मोटर, शिवाय माझ्या मुलीची, पूनमची, चार्जिंगला लावलेली स्कूटर. गाडी बिचारी बाहेर उन्हात. आणि फरशी कायम ओली. ते पाहून आत्यानं एका उन्हाळ्यात हट्टानं तिथल्या बोर्डावर एक खटका बसवून घेतला. करंट कुठे गळला की तो आपोआप पडतो. वायरमननं मला आकृती काढून समजावलं, तेव्हा काही कळलं नाही. आत्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

"रम्या, सकाळी जेवढ्या बकऱ्या रानात गेल्या, तेवढ्या वापस आल्या पायजे का नाई? एक जरी कमी आली, का हा दार लावते. कोनाच्या आंगातून गेली, ते मंग पाहू!"

'कोनाच्या आंगातून' या शब्दांनी माझी झोप उडाली. मी मुळात भित्रा माणूस. तेव्हापासून स्वतःच्या घरचा फ्रिज उघडतानाही आधी हाताची उलटी बाजू लावून बघतो. सरळ हातानं धरलं तर करंट माणसाला सोडत नाही, हेही आत्याचंच.

गॅरेजच्या दाराशी रबरी चपलांची रांग असते. आमचे ऑफिसचे साहेब एकदा स्कूटर बघायला म्हणून बूट काढून आत निघाले, तर मागून आवाज आला, "काऊन बाप्पा, नंग्या पायानं? मराले जाऊन राह्यले काय?" साहेबांनी निमूटपणे पूनमच्या गुलाबी चपला घातल्या. त्यांची अर्धी टाच बाहेर होती.

खटका पडला की घरघंटी अर्ध्या दळणावर थांबायची. माझी बायको कपाळावर हात मारायची, "पडला मेला पुन्हा!" आत्याचा चेहरा मात्र उजळायचा. "पडला! जिवंत हाये! बाई, तो पडला म्हनून आपन उभे हाओत." यावरून दोघींत दोन-दोन दिवस अबोला.

यंदाच्या मे महिन्यात तो ऊठसूट पडायला लागला. वायरमन आला, खटका काढून पाहिला आणि म्हणाला, "खटकाच खराब दिसते साहेब. उद्या नवा आनतो. तवरक खटक्याबिगर डायरेक्ट जोडून देतो."

"काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"एक दिवसाले काय होते!"

दुसऱ्या दिवशी पापडांसाठी शेजारणी यायच्या होत्या, उडदाची डाळ दळायची होती. बायकोनं मान डोलावली. मी भीतभीत आत्याकडे पाहिलं. आता वादळ येणार! पण तिनं नुसता बटवा कमरेला घट्ट खोचला. त्यानं मला जास्तच धास्ती वाटली.

त्याच दुपारी बायको डाळ घेऊन गॅरेजात गेली. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेलो. आत्या आधीच तिथे. ओल्या फरशीवर उभी, हाताची उलटी बाजू घरघंटीच्या पत्र्याला टेकवलेली. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या.

"लाव बटन," ती बायकोला म्हणाली. "आधी मी पाह्यते, मंग तू हात लाव."

"आत्याबाई, टेस्टर आहे ना तुमचा!"

"त्याच्यावर माहा भरोसा नाई. तो आपला मनाच्या समाधानाले."

"आणि चपला?" माझा आवाज चिरकला.

"चपला घातल्यावर मले समजन कसं?"

"आत्या, वेड लागलं का तुला? काही झालं असतं म्हणजे?"

"तो काढला ना तुमी? मंग त्याच्या जागी कोनी तं पायजे." वांग्याचा भाव सांगावा तशी ती बोलत होती. "तुह्या बायकोच्या मागं तू हाये, लेक हाये. माह्या मागं कोन रडाले बसलं हाये?"

बायकोनं डाळीचा डबा खाली ठेवला. आत्याचा हात पत्र्यावरून उचलला आणि सोडलाच नाही. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. उलट्याच हातानं. कूलर थांबले, पंखे थांबले. "लाईट गेली का?" पूनम आतून ओरडली.

वायरमनला फोन करकरून बोलावलं. तो येईपर्यंत आम्ही ओसरीत घामानं निथळत बसलो होतो, आणि आत्याचा हात बायकोच्या मांडीवर होता. दिवेलागणीला त्यानं नवा खटका बसवला, घरघंटीचं बटन दाबलं, तर तोही लगेच पडला. मग त्यानं घरघंटी भिंतीपासून ओढली. मागच्या बाजूला तिची उंदरानं कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली होती.

"बटन चालू असताना कोनी हात नाई लावला, बरं झालं," तो म्हणाला. बायकोनं आत्याचा हात आणखी घट्ट धरला.

वायर बदलली. खटका अजूनही कधीमधी पडतो, पण आता त्याला कोणी मेला म्हणत नाही. घरघंटी थांबते आणि तीन खोल्यांतून एकदम हाक जाते, "आत्या, हात कुठे आहे?"

आणि आत्या बाजेवरून, गुलाबी चपला घातलेली, दोन्ही हात वर करून दाखवते.