बुधवार, नग एक

गेल्या वर्षी एका आठवड्यात आमच्या कंपनीत बुधवार आला नाही.

बाहेर आला होता, गेटपर्यंत वॉचमनने पाहिला. आत मंगळवारच. संध्याकाळी घरी जावं तर तिथे गुरुवार, शुक्रवार रीतसर होत होते; सकाळी कार्ड पंच केलं की पुन्हा मंगळवार. सगळ्यात हाल हिशेब विभागातल्या टेंबेबाईंचे. त्यांचा मंगळवारचा उपास. चार दिवस कॅन्टीनची साबुदाण्याची खिचडी खाऊन बाई कावल्या होत्या. शिवाय चौतीस वर्षं नोकरी करून त्या बुधवारी, एकतीस तारखेला, रिटायर होणार होत्या. बुधवारच नाही तर रिटायर कशा होणार?

आमची कंपनी चालते ती तारखेच्या एका सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे. कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं. बनवणारे फलटणचे रघुनाथ शेंडे, एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. एकोणीस वर्षं ते रोज उद्याचा दिवस तयार करून ठेवतात आणि आमच्यासारख्या दोनेक हजार कंपन्या तो उचलतात. त्या सगळ्यांकडे मंगळवारच होता, पण कबूल कोण करणार?

मी परचेस सांभाळतो, तेव्हा फाइल माझीच. आमच्याकडे तीन कोटेशनं लागतात आणि सगळ्यात कमी ते मंजूर. उद्या बनवणारा दुसरा कुणी सापडेना, म्हणून शेंड्यांचंच कोटेशन तीनदा लावायचो. शून्य, शून्य, शून्य. खाली माझी सही. या बचतीबद्दल मला एकदा शाल-श्रीफळही मिळालंय. कुठे तोंड लपवू असं आता वाटतं.

बाहेरच्या शनिवारी टेंबेबाई आणि मी फलटण गाठलं.

"बसा की," शेंडे आमच्या बाजूला चाचपडत म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "बुधवारासाठी आलाय ना? अर्धा झालाय."

स्क्रीनवर खरंच अर्धा बुधवार होता. सकाळ झालेली, ऊन भिंतीवर आलेलं. मी वाकून पाहिलं. साडेदहाच्या पुढे अंधार नव्हता, उजेडही नव्हता. काहीच नव्हतं.

"अक्षरं दिसंनात," शेंडे म्हणाले. "अंदाजानं उरकला असता. पर लोकांचा दिवस हाय, अंदाजानं कसा करायचा?"

टेंबेबाई जुना एक मंगळवार उघडून वाचत होत्या. एकदम थांबल्या. "चार वाजून दहा मिनिटांनी हा वारा तुम्ही टाकता?"

"व्हय."

"अहो, आमच्या खिडक्या कायमच्या बंद. तरी रोज चार-दहाला वारा यायचा. एकोणीस वर्षं मी त्याच्यावर दुपारी काढल्या!"

"कुणी मागितला नव्हता," शेंडे ओशाळून म्हणाले. "स्टँडवर उभं राहून पाय भरून यायचं, तवा तेवढा वारा लई बरा वाटायचा. म्हणून टाकतो."

बाईंनी हात जोडले.

मी मोठ्या साहेबांना फोन लावून शेंड्यांच्या पैशांचं काढलं. ते म्हणाले, "कोटेशन शून्याचं असताना पैसे कुठल्या नियमाने द्यायचे?"

बाईंनी फोन माझ्याकडून ओढून घेतला. "साहेब, उद्या काय झाडाला लागतो? या माणसाच्या डोळ्यांचं ऑपरेशन करा, दरमहा पगार सुरू करा. नाहीतर बसा जन्मभर मंगळवारात, आणि खिचडी तुम्हीच खा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, "नग किती लिहू?"

"एक," बाई म्हणाल्या. "रोज एक."

मग शेंडे सांगत गेले आणि बाई टाइप करत गेल्या. अकरा वाजले, बारा वाजले, सावल्या लांबल्या. चार-दहाला शेंड्यांनी डोळे मिटले आणि वारा तोंडपाठ सांगितला. टेबलावरचे कागद हलले. देवाशप्पथ सांगतो, मी ते हाताने दाबून धरले.

बाहेरच्या सोमवारी आमच्याकडे बुधवार आला. सगळे जागेवरून उठून उभे राहिले. सहाला टेंबेबाई रिटायर झाल्या आणि दुसऱ्या दिवशी फलटणला कामावर रुजू झाल्या, कंपनीच्याच पगारावर. शेंड्यांना आता लख्ख दिसतं, तरी निम्मे दिवस बाईच करतात.

हल्ली आमच्याकडे बाईंच्या हातचा, उपासाचा मंगळवार वीस मिनिटं लवकर संपतो. तक्रार कुणी केलेली नाही. मी फाइलवर शेरा मारला आहे: माल ठीक, पोचला.