सिंह असल्याचे तीन पुरावे

एन्खलेनी अभयारण्यात सिंह बारा असावेत, असं मंजूर आराखड्यात म्हटलं होतं; आणि वार्षिक गणतीत ते तेरा भरले. गणती पुन्हा करण्यात आली. सिंह पुन्हा तेराच. तिसऱ्यांदा गेलेल्या पथकाला तर तेराही सिंह एकाच बाभळीखाली ओळीनं झोपलेले दिसले, म्हणजे चुकायलासुद्धा त्यांनी वाव ठेवला नाही. तसं राजधानीला कळवण्यात आलं. आराखडा पाच वर्षांसाठी मंजूर असून त्यात बदल करता येणार नाही, सबब सिंहांत बदल करावा, असं उत्तर आलं.

अभयारण्याच्या व्यवस्थापक माझुंगू यांनी न्गुबानेबाबांना बोलावणं धाडलं. बाबा सव्वीस वर्षं सिंहांचा माग काढत होते. एरवी माझुंगू सगळ्यांना आडनावानं हाक मारीत. कुळाच्या आदराच्या नावानं हाक मारली, की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार हे कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं.

"म्बोम्वु, बसा," माझुंगू म्हणाल्या.

बाबा उभेच राहिले.

"एक सिंह हलवायचाय. चार-पाच सिंहांचे तक्ते भरून पाहिले. वय, दात, शिकार करते का, पिल्लं कधी झाली. सगळ्यांत कमी गुण तुमच्या म्हातारीला पडले. तीस दिवसांची मुदत आहे."

तुमची म्हातारी म्हणजे गोगो. गोगो म्हणजे आजी. कागदावर ती मादी क्रमांक चार होती. वय सोळा, दात निम्मे, शिकार करायची ती पोरीबाळींनी आणि खायची हिनं. तरुण सिंहाला हलवतात ते शेजारच्या अभयारण्यात. सोळा वर्षांच्या सिंहिणीला कुणी मागत नाही. तिला कुठे हलवतात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

बाबांचा तिच्यावर जीव होता. तिनं लहानपणी एकदाच कुंपणाच्या विजेच्या तारेला नाक लावलं, आणि तेव्हापासून कळपातलं कुठलंही पिल्लू कुंपणाकडे वळलं की ही जाऊन त्याच्या कानशिलात भडकवायची. कुंपणापलीकडे बाबांचं गाव होतं, गावाची गुरं होती. आजवर गावचं एक वासरू गेलं नव्हतं. त्याचं श्रेय दर वर्षी अहवालात कुंपणाच्या ठेकेदाराला मिळत असे.

"माझुंगू, दुसरा काही मार्ग?" बाबांनी विचारलं.

"कलम नऊ आहे," कोपऱ्यातून सल्लागार डॉक्टर फरमाक म्हणाले. डॉक्टरसाहेब सिंहांवर तीन ग्रंथ लिहून बसले होते आणि ऊन बाधतं म्हणून शक्यतो कचेरीतच असत. "मुदतीत संख्या नैसर्गिकरीत्या घटली तर मानवी हस्तक्षेपाची गरज राहत नाही."

"मग निसर्गावर सोडू या की!"

"निसर्ग आहे कुठे, बाबा? पाण्याला पंप आहे, रोगाला लस आहे, परका नर यावा तर कुंपण आहे. इथं निसर्गाची सगळी पदं रिक्त आहेत."

पदं रिक्त म्हटल्यावर माझुंगूंचा चेहरा उजळला. रिक्त पदं भरणं त्यांना येत होतं. त्याच आठवड्यात निसर्गपूरक कक्ष स्थापन झाला. पंपवाल्याची प्रभारी दुष्काळ म्हणून नेमणूक झाली, भांडारपालाची प्रभारी रोगराई म्हणून. दुष्काळानं पहिल्याच दिवशी पाणी तोडलं. पण त्याच नळावर माझुंगूंचं न्हाणीघर असल्यामुळे दुपारपर्यंत दुष्काळाला लेखी ताकीद मिळाली. रोगराई रजेवर गेली.

आवाज मोठा म्हणून न्गुबानेबाबांना प्रभारी परका नर करण्यात आलं. जीपवर कर्णा बसवला, यंत्रात कुठल्याशा दूरच्या सिंहाची डरकाळी भरली. परका नर आल्याचं कळलं की कळपातला एखादा तरुण सिंह घाबरून बाहेर पडेल, त्याला पूर्वेच्या फाटकातून शेजारी घालवायचा, तेराचे बारा होतील, असा हिशेब होता. गोगोसाठी बाबा परका नरच काय, माकडसुद्धा झाले असते.

अडचण वेळेची होती. परक्या नरानं आठ ते चार गर्जायचं, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. त्या वेळात सिंह झोपतात.

"संध्याकाळी गर्जू द्या, त्यांना ऐकू तरी जाईल," बाबांनी विनवलं.

"कचेरीच्या वेळेबाहेर निसर्ग चालू ठेवता येणार नाही," माझुंगू म्हणाल्या. "अर्ज द्या, बघते."

बाबांनी अर्ज दिला आणि तोवर आठ ते चार गर्जत राहिले. तरुण सिंहांनी कूस बदलली, एवढीच प्रगती होती. एकोणिसाव्या दिवशी दुपारी बाबा कर्णा चालू ठेवून मक्याचं फुथू आणि आंबट दूध खात होते. तेवढ्यात गोगो उठली, आवाज न करता सावकाश चालत आली आणि जीपच्या सावलीत आडवी झाली. ती गेली म्हणून पाठोपाठ अख्खा कळप आला. कर्णा डरकाळ्या फोडत होता आणि तेरा सिंह त्याच्याखाली घोरत होते.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून हे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. संध्याकाळच्या आत अहवाल तयार झाला: कळपानं परक्या नराचा स्वीकार केला असून, नियमानुसार त्याची नोंद करण्यात येत आहे. नर क्रमांक चौदा.

"डॉक्टर, तो सिंह नाहीये हो!" बाबा काकुळतीनं म्हणाले. "तो कर्णा आहे. कळ मी दाबतो."

"सिंह असल्याचे पुरावे तीन," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "डरकाळी, डरकाळीला कळपाचा प्रतिसाद, आणि पावलांचे ठसे. तीनपैकी दोन मिळाले की गणतीच्या पुस्तिकेप्रमाणे तो सिंह. ठसे नाहीत, मान्य. पण दोन आहेत."

"म्हणजे आता चौदा झाले?"

"म्बोम्वु," माझुंगू हळूच म्हणाल्या, "आता दोन हलवावे लागतील."

एक सिंह कमी करायला गेलेल्या माणसानं एक वाढवून ठेवला होता. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जीपला टेकून गोगोकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कागदानं आणलेला सिंह कागदानंच जाऊ शकत होता. त्यांनी यंत्र बंद केलं आणि थेट कचेरी गाठली.

"नर क्रमांक चौदा गेला."

"पुरावा?" डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"डरकाळी नाही. डरकाळी नाही म्हणून प्रतिसाद नाही. ठसे तर पहिल्यापासूनच नव्हते."

"निर्विवाद," डॉक्टर म्हणाले आणि नोंद खोडली.

"आता मादी क्रमांक चार. दोन वर्षांत ती एकदाही गर्जलेली नाही, माझ्या वहीत रोजची नोंद आहे. जी गर्जत नाही तिच्या गर्जनेला प्रतिसाद कुठून येणार? उरले ठसे. तीनपैकी एक."

डॉक्टरांनी पुस्तिका दोनदा उलटसुलट वाचली. "म्हणजे पुस्तिकेप्रमाणे ती…"

"नाहीच," बाबा म्हणाले.

"मग जीपच्या सावलीत झोपते ती कोण?"

"ते मला काय विचारता? मी काय डॉक्टर आहे?"

गणती बारा भरली. राजधानीहून अभिनंदनाचं पत्र आलं. नसलेल्या सिंहिणीला हलवायचा प्रश्नच उरला नाही, आणि गोगो पूर्वीसारखीच पोरांच्या कानशिलात भडकवत कुंपण राखू लागली. बाबांनी आनंदानं गावात बकरा कापला. इतका सोपा, कुणाला हातसुद्धा न लावावा लागणारा उपाय राजधानीलाही फार आवडला. त्यांनी तो परिपत्रक काढून सर्व विभागांना लागू केला.

महिन्याभरानं एका सकाळी बाबांनी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र काही बोलेना. चार वेळा ठेवला. मग ते माझुंगूंच्या खोलीत गेले. माझुंगू मान खाली घालून लिहीत होत्या.

"माझुंगू, माझं नाव दिसत नाही."

त्यांनी बाबांना ना आडनावानं हाक मारली, ना कुळाच्या नावानं. खिडकीशी बसलेल्या डॉक्टरांना उद्देशून त्या म्हणाल्या, "मंजूर पदं तेवीस, माणसं चोवीस भरली. पुस्तिका लावून पाहिली. सव्वीस वर्षांत एका माणसाची एकही तक्रार नाही."

"अहो, अर्ज दिला होता ना! संध्याकाळी गर्जू द्या म्हणून!"

"एक अर्ज आला होता म्हणतात," माझुंगू डॉक्टरांना म्हणाल्या, "पण त्याला उत्तर गेलेलं नाही. म्हणजे प्रतिसादही नाही. उरला हजेरीचा ठसा."

"तीनपैकी एक," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापरा होता, कारण त्यांनीही बऱ्याच दिवसांत आवाज चढवलेला नव्हता.

बाबांनी तोंड उघडलं. ओरडायचं होतं, पण सव्वीस वर्षांची सवय आड आली आणि ते "बरं" म्हणून बाहेर पडले. त्यांना कुणी अडवलं नाही. बाभळीजवळ गोगो झोपली होती. बेताच्या अंतरावर, तिच्या डोळ्यांसमोर, ते बसले. तिनं एक डोळा उघडून पाहिलं. तिला ते दिसले.

वाचकहो, हे सगळं फार दूरच्या मुलखातलं आहे, तेव्हा खुशाल हसा. फक्त पुढच्या वेळी एखाद्या कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा आतल्या माणसानं मान वर केली का, आणि नाही केली तेव्हा तुम्ही आवाज केलात की "बरं" म्हणून उद्या यायला निघालात, एवढं आठवून बघा. पावलांच्या ठशांचं सांगू नका. फरशी पुसणाऱ्या बाई ते रोज संध्याकाळी पुसतात.