राजकन्येच्या कटोऱ्यातील शिशाची हकीकत

जळदेवता साक्ष, आणि लिहिणाराचा हात सांभाळणारा गजानन साक्ष. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात मोठा घोर उद्भवला तो ऐसा जे, सरकारांची एकुलती कन्या यमुनाबाईसाहेब, वय वर्षे सात, यांस पोटशूळ जडला, आणि अन्न गोड लागेना, आणि मुख पांढरे पडले. मग वैद्यांनी रक्त पाहून सांगितले जे, अंगात शिसे जात आहे. वाट शोधा, नाहीतर आमची मात्रा व्यर्थ. सरकारांनी अन्न टाकिले. विसाजीपंत कारभारी यांनी नदीकाठच्या रंगाऱ्यांवर आळ घेऊन चाळीस घरे चौकीत बसविली, आणि रंगारी नदीत रंग धुतात हे पोरासोरांस ठाऊक, पुरावा कशास पाहिजे, ऐसे बोलिले. पंतांस घाई फार, विचार मागाहून.

मग भागीरथीबाई परीक्षक यांस पाचारण जाहले. बाईंपाशी शिशाचा माग काढणारे कण होते, इतके बारीक की मोहरीच्या दाण्यावर हजारो मावतील. ते निळ्या उजेडाखाली हिरवे चमकत, आणि पाण्यात शिसे असले म्हणजे ते कणास चिकटे आणि कण मालवे. बाईंनी नदीच्या पाण्याच्या थेंबात कण सोडून सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला, तो अवघे कण उजळ. विहिरीचे पाहिले, उजळ. माठाचे पाहिले, तेही उजळ. पंत खवळले, "बाई, तुमचे काजवे आंधळे आहेत! इकडं मूल हातचं चाललंय."  बाईंनी मुद्दाम शिसे घातलेले पाणी पाहिले, तो कण विझले. म्हणजे कण खरे, आणि शिसे अजून मोकळेच. तेव्हां बाई राजकन्येच्या उशाशी बसल्या आणि पुसिले, "बाळ, सकाळी उठून आधी काय पिता?"

"कोकमाचं सार. आबासाहेब पाजतात, त्यांच्या कटोऱ्यातनं."

त्या घराण्याची चाल ऐसी जे, पितळी कटोऱ्यात रात्री सार भरून ठेवावे आणि सकाळी वडिलांनी स्वहस्ते लेकरास पाजावे. तो कटोरा तपासणीस मागणे म्हणजे बापावरच संशय घेणे, म्हणोन कोणी मागितलाच नव्हता. बाईंनी जीव मुठीत धरून मागितला. पंतांनी कानांवर हात ठेविले, परंतु सरकारांनी स्वतः थेंब काढून दिला. बाईंनी पाहिले आणि सूक्ष्मदर्शक सरकारांपुढे सरकविला. मग सरकारांनीच डोळा लाविला आणि बोलिले, "दिवा गेला काय? इथं तर काहीच दिसत नाही."

"गुन्हा माफ असावा, सरकार. तेच शिसं."

चौकशीअंती कळले जे, दसऱ्यास नवा कल्हईवाला आला, त्याने कथलात शिसे मिसळिले, आणि आंबट साराने ते रात्रभर सुटत गेले. सरकार खाली बसले. कन्या दुखणाईत पडल्यापासून, भांडे स्वच्छ असावे म्हणोन, त्यांनीच मायेने त्याच कल्हईवाल्याकडून दर आठवड्यास नवी कल्हई करविली होती. "म्हणजे ती जितकी खंगली तितकं आम्ही जास्त पाजलं," ऐसे बोलिले आणि सर्वांदेखत रडले.

मग रंगारी सोडिले, पंतांनी त्यांची माफी मागितली, कटोरा मोडीत गेला आणि वैद्यांची मात्रा लागू पडली. दुसरे दिवशी यमुनाबाईसाहेबांनी हट्ट धरिला की पाणी आबासाहेबांच्याच हातचे पाहिजे. सरकारांनी काचेचा पेला भरिला, बाईंकडून थेंब तपासविला, कण उजळ निघाले. पुन्हा तपासविला, उजळ. तिसऱ्यांदा तपासावयास सांगितले. तेव्हां कन्या बोलिली, "आबासाहेब, तहान लागलीय हो."

सरकारांनी पेला पुढे केला, आणि तो तिच्या ओठांस लागेपर्यंत अर्धा सांडला.

सारांश, राजकन्या महिन्याभरात बागेत धावू लागली. भागीरथीबाईंस मात्र आजही रोज सकाळी राजवाड्यातून बोलावणे येते, एका थेंबापुरते. इति.