गिटार निवड समिती, रामनगर

वस्तू वापरणं कुणालाही जमतं. वस्तू निवडणं हे मात्र संस्कृतीचं लक्षण आहे. जनावरंसुद्धा पाणी पितात, पण तांब्या कुठला घ्यावा यावर त्यांच्यात चर्चा झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. या कसोटीवर पाहिलं तर कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात आमच्या रामनगरइतकं सुसंस्कृत गाव दुसरं नसेल. इथं साधी कढई घ्यायची तरी दोन घरांचा विचार घेतात, तिसऱ्या घराला विचारलं नाही म्हणून ते घर रुसतं, आणि रुसवा निघेपर्यंत जुन्याच कढईत आमटी होत राहते. (आमच्याकडच्या कढया म्हणूनच फार टिकतात.)

तेव्हा लक्ष्मणअण्णांच्या पल्लवीला गिटार हवी झाली, ही बाब तिच्या एकटीची राहणं शक्यच नव्हतं. अण्णांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, मागंच घर, आणि भिंतीला भिंत लागून माझं झेरॉक्सचं, त्यामुळे प्रकरण मला मुळापासून माहीत. पल्लवी एकोणीस वर्षांची. चर्चमधल्या फिलिपमास्तरांची गिटार मागून आणून ती वाजवायला शिकली. आता मास्तर लेकीकडे गोव्याला कायमचे निघाले होते, आणि गिटारही त्यांच्याबरोबर निघाली होती. त्यातच धारवाडच्या एका संगीतशाळेनं पल्लवीला जूनमध्ये वाजवून दाखवायला बोलावलं. पसंत पडली तर फी माफ, राहायची सोय. अट एकच, वाद्य स्वतःचं आणायचं.

"आप्पा, बेळगावात मिळत्यात. साधी बी चालती मला," पल्लवी वडलांना म्हणाली.

"दुकानातली?" अण्णांनी अशा आवाजात विचारलं, की ते स्वतः दुकानदार आहेत हे क्षणभर माझ्याही ध्यानातून गेलं.

अण्णांचा पोरीवर जीव आहे, यात शंका नाही. आणि जीव असलेल्या बापाइतका धोक्याचं गिऱ्हाईक बाजारात दुसरं नसतं. त्यांचा भाचा सागर बेंगळूरला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, की खरी गिटार विलायतेत हातानं बनवतात. ओवेन नावाचा एक साहेब आहे, खेड्यात राहतो, गोठ्याएवढ्या शेडमध्ये एकटाच बसून गिटारी घडवतो, वर्षाला मोजक्याच, आणि गिऱ्हाइकाला थांबायला लावतो. ही शेवटची गोष्ट अण्णांना फार पटली. जो ताटकळत ठेवतो त्याच्याकडे माल चांगला, हे आम्ही डॉक्टर निवडताना नेहमीच पाहतो.

निवडीसाठी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष अण्णा. सचिव महाबळेश्वरकाका, हे जोयड्याच्या कचेरीतून निवृत्त झाले असून अपुऱ्या कागदांवर त्यांनी आयुष्यात एकही काम होऊ दिलेलं नाही (पुऱ्या कागदांवरही फारशी झाली नाहीत). दुभाषा मी, कारण झेरॉक्स मशीनवरचं इंग्रजी मला वाचता येतं. आणि तज्ज्ञ म्हणून दिग्गी गावचा वासू.

वासूनं गिटार पाहिलेली नव्हती. पण बैल पारखावा तर तालुक्यात त्यानंच. उळवीच्या जत्रेला गाडी जुंपून निघालेल्या माणसाला तो नुसतं बघून सांगतो, की डावा बैल घाटात बसणार. समितीचा युक्तिवाद बिनतोड होता. गिटार बैलासारखीच महाग, बैलासारखीच परक्या माणसाकडून येणारी, आणि एकदा दारात आली की बैलासारखीच परत न जाणारी. सबब निकष तेच लागू.

वासू आधी नकोच म्हणत होता. "अण्णा, म्या ढोरं बगतो. ह्ये तर लाकूड हाय."

"लाकूड असू दे की. नजर तर तुजीच पायजे," अण्णा म्हणाले. एवढं म्हटल्यावर कोण मागे सरतो?

पल्लवीला समितीत घ्यावं, अशी सूचना तिच्या आईनं, शकुंतलावहिनींनी, आतून केली. त्या सूचनेवर सचिवांनी साधकबाधक विचार केला. वाजवणारी तीच असल्यामुळे तिचा हितसंबंध गुंतलेला आहे, म्हणून ती निःपक्षपाती राहू शकणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तिच्याकडे चहा सोपवण्यात आला.

एप्रिलमध्ये माझ्या दुकानात, मोठ्या स्क्रीनवर, साहेबाशी बोलणं झालं. साहेब भला माणूस निघाला. त्यानं सांगितलं की नवी गिटार बनवायला पुष्कळ महिने लागतील. पण एक तयार आहे, ज्यानं बनवायला सांगितली होती त्याचा विचार फिरला. पैसे आले की ती लगेच निघेल, जूनच्या आत पोचेल. पाठ आणि कुशी शिसवाच्या होत्या. तेही आपल्याकडचंच शिसव. (आमच्या रानात त्याला हात लावला तर केस होते, विलायतेत लावला तर कला होते.)

साहेबानं मग तारा छेडल्या. चहाचा ट्रे घेऊन येणारी पल्लवी दारातच थांबली. "हीच," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण माझं दुकान लहान आहे, सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबाला वाजवणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं होतं. त्यावर सचिवांनी कळवलं, की मुलगी अशी एकदम पुढं करायची आमच्याकडे पद्धत नाही. मी याचं भाषांतर 'नेटवर्क वीक' असं केलं.

पारख सुरू झाली. वासूच्या सांगण्यावरून गिटार पुढून, मागून, दोन्ही कुशींवरून फिरवून पाहिली. मान सरळ आहे का ते पाहिलं. पोटावर थाप मारायला लावली. वय ठरवण्यासाठी दातांच्या जागी मानेवरच्या पट्ट्या मोजल्या, त्या वीस भरल्या. बैलाला पुढचे दात आठच, त्यामुळे वयाचा मुद्दा पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. मग साहेबानं मोठ्या अभिमानानं गिटारीची पाठ उजेडात धरली. शिसवाच्या काळ्या रेषा वळत वळत एका जागी गोल फिरल्या होत्या. असा तुकडा वर्षानुवर्षांत एखादा हाती लागतो, म्हणून आपण तो राखून ठेवला होता, असं तो म्हणाला.

वासू स्क्रीनजवळ सरकला.

"काय रं?" अण्णांनी विचारलं.

"भोवरा हाय."

भोवऱ्याचं महत्त्व शहरातल्या वाचकांना कळणार नाही. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे यावर त्याची किंमत, त्याचा स्वभाव आणि मालकाचं आयुष्य ठरतं. निदान आमच्याकडे तसं ठरलेलं आहे.

"पाठीवर हाय, डावीकडं," वासू म्हणाला. "असला बैल आमी दावणीला बांदत न्हाई. धन्याला लाभत न्हाई म्हंत्यात. पर ह्ये बैलाचं झालं. ह्याचं काय मला म्हाईत न्हाई."

शेवटची दोन वाक्यं सचिवांनी इतिवृत्तात घेतली नाहीत.

"आप्पा, भोवरा असू दे की वो," पल्लवी म्हणाली. तिच्या हातातल्या कपांवर साय धरली होती. "आवाज ऐकलासा न्हवं? मला हीच पायजे. जूनला पोचती म्हणायलाय त्यो."

"तू गप ऱ्हा," अण्णा म्हणाले. "तुला काय कळतंय बैलातलं?"

पोरीच्या अंगावर काही बेतू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. माया होती, म्हणूनच तर तिचं कुणी ऐकलं नाही. साहेबाला नकार कळवला. त्यानं कारण विचारलं. भोवऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना, म्हणून मी आपल्या टाळूवर बोट गोल फिरवून दाखवलं. साहेबाला टक्कल होतं. त्यानं आपली टाळू चाचपून पाहिली.

सरळ रेषांची, निर्दोष पाठीची नवी गिटार सांगण्यात आली. ती येईपर्यंत बेळगावहून साधी आणावी, असं पल्लवीनं आणखी एकदा सुचवून पाहिलं. पण विलायती गिटार वाटेवर असताना घरात हलकी आणणं म्हणजे साहेबाचा अपमान, असं समितीचं एकमत पडलं. मे महिन्यात फिलिपमास्तर गेले. जूनही आला. धारवाडची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या दिवशी पल्लवी दुकानात बसून खिळे तोलत होती, आणि एकाही गिऱ्हाइकाला कमी-जास्त माप गेलं नाही. मला ते बघवेना. मी माझं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

गिटार पुढच्या वर्षी आली. निवड अचूक ठरली, हे नमूद करताना समितीला आनंद होतो. दारात नारळ फोडून, हळद-कुंकू लावून, मानेला काळा दोरा बांधून तिला आत घेतलं. दमट हवा हिला मानवत नाही, असं साहेबानं बजावलं होतं, म्हणून तिच्यासाठी काचेचं कपाट करून आत बल्ब लावलाय. पावसाळ्यात अख्ख्या रामनगरात कोरडी राहणारी ती एकमेव वस्तू आहे. जोयड्याला कामासाठी आलेले लोक वाट वाकडी करून तिला बघून जातात. पल्लवीला बघायला येणारी स्थळंसुद्धा आधी गिटार बघतात, आणि बहुतेकांना ती पसंत पडते.

एकदा अण्णा उळवीला गेले होते, तेव्हा पल्लवीनं कपाट उघडलं. मी मशीन बंद करून भिंतीला टेकून ऐकत बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता लपवून काय करायचं? संध्याकाळी अण्णांना पॉलिशवर बोटांचे ठसे दिसले. तातडीची बैठक झाली. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली सचिवांकडे गेली.

इच्छुकांनी गिटार पाहायला अवश्य यावं. लाकूड कुठलं, साहेब कसा, किती थांबावं लागलं, हे सगळं अण्णा न कंटाळता सांगतात. किंमत मात्र मी इथं मुद्दामच लिहिलेली नाही. ती किती असेल, हे वाचताना तुमच्या मनात दोनदा तरी येऊन गेलं असणार. पल्लवी धारवाडला काय वाजवणार होती, हे तुमच्याही मनात आलं नाही. वासूनं येणं सोडल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही या.