त्याच दाताचा नमुना

दंत महाविद्यालयात प्रबंध करणाऱ्या डॉक्टर उत्तरा हिच्या सूचनापत्रकात चूक करायला कुणाला जागाच नव्हती. निदान तिचा तसा दावा होता. नऊ सूचना, मोठी अक्षरं, खाली रुग्णाची सही.

काम तसं साधं. दात आणि हिरडीमधल्या फटीत कागदाची बारीक पट्टी तीस सेकंद धरायची, तिथला द्रव टिपायचा आणि त्यात हिरडीच्या आजाराच्या खुणा शोधायच्या. उपचाराआधी एकदा, नंतर एकदा, त्याच दातापाशी. चाळीसपैकी एकोणचाळीस रुग्ण झाले होते. चाळिसावे मनोहरराव, सावनेरचे निवृत्त तलाठी. त्यांचा दुसरा नमुना शुक्रवारपर्यंत मिळाला नाही, तर उत्तराचा प्रबंध सहा महिने लांबणार होता.

मंगळवारी पट्टी लाल निघाली.

"काका, दात घासून आलात?"

"वीस मिनिटं घासले. तुमच्यापुढं तसंच तोंड उघडायचं का मॅडम?"

"हिरडीतून रक्त आलंय. नमुना बाद."

"घासू नका असं कुठं लिहून आहे?" मनोहररावांनी पत्रकावरून बोट फिरवलं. खरंच नव्हतं. उत्तरानं दहावी सूचना लिहिली. त्यांनी सही केली.

बुधवारी पट्टी तपकिरी निघाली.

"काका, तंबाखूचा खर्रा?"

"एकच. बिना घासल्या तोंडाचा वास येते ना. अन् खर्र्याचंही यात काही लिहून नाही."

अकरावी सूचना. सही. या वेळी उत्तरानं शांतपणे समजावलंही, की नमुना त्याच दातापाशी घ्यावा लागतो आणि घेतल्याबरोबर बर्फात ठेवावा लागतो. मनोहररावांनी हे पत्रकाच्या मागे टिपून घेतलं. तलाठ्याच्या अक्षरात ते फारच अधिकृत दिसत होतं.

शुक्रवारी ते वेळेच्या आधीच हजर झाले. ब्रश नाही, खर्रा नाही. एक गाल मात्र सुजलेला, आणि हातात थर्मास.

"काय झालं, काका?"

"खर्रा बंद केला अन् काल दात असा ठणकून राहिला होता, का मले बसू देईना. हलत तर होताच. गावातल्या डॉक्टरकडून काढून घेतला."

"कोणता दात?"

"तोच."

मनोहररावांनी थर्मासचं झाकण फिरवलं. आत बर्फ, बर्फात प्लास्टिकची पुडी आणि पुडीत दाढ.

"त्याच दाताचा पाहिजे म्हणत होत्या ना? मी पुरा दातच आणला. आता मले आ करून बसवायचं कामच नाही. निवांत तपासा."

उत्तरानं थर्मासमध्ये डोकावून पाहिलं. फट दात आणि हिरडी या दोघांच्या मध्ये असते, आणि दोघांपैकी एक थर्मासमध्ये होता. मग तिनं पेन काढलं आणि बारावी सूचना लिहिली : नमुना देईपर्यंत दात तोंडातच ठेवावा.

मनोहररावांनी ती दोनदा वाचली, सही केली आणि पत्रक परत दिलं.

"हे पहिल्याच दिवशी लिहायचं होतं, मॅडम."